सकाळी तयार होतो, पण जायचं कुठं?

प्रश्न: वय 61. कारखान्यात मेंटेनन्सला 33 वर्षं काढून आठ महिन्यांपूर्वी निवृत्त झालो. पैशांची चिंता नाही. पण सहाला उठून, दाढी करून तयार होतो आणि नुसता बसून राहतो. एका संस्थेत मुलांना गणित शिकवायला जात होतो, तीन आठवड्यांत मन उडालं. आता हाती आलेल्या पैशांतून छोटं वर्कशॉप टाकावं असं वाटतं. बायको म्हणते, आता आराम करा. काय करू?

उत्तर: सप्रेम नमस्कार.

गणिताचा वर्ग सुटला याचा दोष तुम्ही स्वतःकडे घेताय, तो आधी सोडा. मेंटेनन्समध्ये बिघाड समोर येतो, तुम्ही तो शोधता आणि बहुतेक वेळा त्याच पाळीत मशीन पुन्हा फिरताना पाहता. मुलाच्या डोक्यात अपूर्णांक बसला की नाही, हे कळायला महिने जातात. तुम्हाला सेवा जमत नाही असं नाही. कामाची जात चुकली.

1930च्या दशकाच्या सुरुवातीला ऑस्ट्रियातल्या मारियनथाल गावात गिरणी बंद पडली, तेव्हा समाजमानसशास्त्रज्ञ मारी याहोडा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रस्त्यावरून जाणाऱ्यांचा वेग घड्याळ लावून मोजला. बेकार पुरुष सावकाश चालत, सारखे थांबत; बायकांना घरची कामं होती, त्यांची पावलं झपझप पडत. पुढे याहोडांनी मांडलं की नोकरी पगाराशिवाय पाच गोष्टी देते: दिवसाला बांधणी, घराबाहेरची माणसं, चौघांनी मिळून करायचं काम, समाजात ओळख आणि हातांना नेमाची हालचाल. तुमच्या या पाचही एकाच दिवशी गेल्या. दाढी करून बसणं म्हणजे त्यातल्या पहिल्या गोष्टीची, दिवसाच्या बांधणीची, आठवण आहे.

चौदा दिवस एक वही ठेवा. रोज रात्री या पाचांपुढे 0, 1 किंवा 2 गुण लिहा. कुणी न सांगता कशात अर्ध्या तासापेक्षा जास्त रमलात, तेही नोंदवा. गळका नळ असला तरी चालेल. ज्या रकान्यात शून्यं साठतील, तो भरणारं काम शोधायचं.

माझा अंदाज, तुम्हाला दुरुस्तीचं टेबल मानवेल. मार्टिन पोस्टमा या पत्रकार बाईंनी 2009 साली ॲमस्टरडॅममध्ये असा उपक्रम सुरू केला: लोक बिघडलेली वस्तू आणतात आणि दुरुस्त करणाऱ्याशेजारी बसून ती उघडतात. एखाद्या वाचनालयाला किंवा सभागृहाला आठवड्यातून एकदा तीन तास जागा मागा. एका बैठकीत सहापेक्षा जास्त वस्तू घेऊ नका, म्हणजे एका वस्तूला अर्धा तास मिळेल. मल्टिमीटर, मेगर (इन्सुलेशन तपासायचं यंत्र), पेचकस, सोल्डरिंग आयर्न आणि नोंदवही एवढ्यावर भागतं. कारखान्यातल्या मोठ्या मशीनवर हात बसलेल्यांना घरगुती वस्तू किरकोळ वाटतात आणि इथेच घात होतो. मायक्रोवेव्ह उघडूच नका; प्लग काढल्यावरही त्याच्या वीज साठवणाऱ्या कपॅसिटरमध्ये जीवघेणा चार्ज राहू शकतो. तीन पिनांची धातूची इस्त्री परत देण्याआधी अर्थिंगच्या पिनेपासून बॉडीपर्यंत कंटिन्युइटी, म्हणजे जोडणी अखंड आहे ना, ते तपासा, आणि 500 व्होल्टच्या मेगरवर इन्सुलेशन 1 मेगओहमच्या खाली असेल तर देऊ नका. दुरुस्तीची खात्री नाही, हे लोकांकडून आधीच लेखी घ्या.

दोन गोष्टींनी हे मोडतं. पहिली म्हणजे जुनी सवय. तिथे कुणी तुमच्या हाताखाली नसतो. पहिल्या महिन्यात व्यवस्था सुधारायला गेलात तर माणसं दुरावतील. दुसरी, प्रत्येकाला हो म्हणणं. जुने सहकारी फुकट सल्ल्यासाठी फोन करतील, त्यांना टेबलाची वेळ सांगा.

वर्कशॉप आता नको म्हणते, कारण त्यात दुरुस्ती थोडी आणि भाडं, उधारी, माणसं सांभाळणं फार. तुम्हाला बिघाड आवडतो, उधारी वसूल करणं आवडतं का, हे तुमच्या पत्रात कुठेच नाही.

आणि वहिनींशी बसून बोला. त्यांच्या दिवसाला स्वतःची घडी आहे आणि तुम्ही आठ महिने तिच्या मधोमध बसलाय. त्यांच्या आराम करा या म्हणण्यात काळजी आहेच, थोडी दमछाकही असेल. कोणते तास तुम्ही बाहेर आणि कोणते दोघांचे, ते ठरवून भिंतीवर लावा.

टेबलाच्या दहा बैठका झाल्या की वही पुन्हा उघडा. लोक हक्काने तुम्हाला शोधत येत असतील आणि तीन तास अपुरे पडत असतील, तर वर्कशॉपचं मला परत लिहा. तेव्हा आकडे मांडून बोलू.