बोटीतल्या सागवानाला तेल कुठलं?

प्रश्न: आमची जुनी शिडाची बोट गोव्यात मांडवीत असते. पावसाळ्यात बंद ठेवली, नंतर उघडली तर केबिनमधलं सागवान काळपट, चिकट आणि वर बुरशी. दरवर्षी जवसाचं तेल लावतो. ते बदलून टीक ऑइल घेऊ का?

उत्तर: दादा, आधी एक गंमत, टीक ऑइल सागापासून काढत नाहीत, डब्यात बहुतेकदा जवसाचं नाहीतर टंग तेल (टंग झाडाच्या बियांचं), थिनर आणि थोडं वार्निश असतं, त्यामुळे नावावर जाऊ नका, मागचं लेबल वाचा. जवसाचं तेल वाळायला वेळ घेतं, काळानुसार गडद होतं आणि आपल्या दमट हवेत बुरशीला आयतं खाद्य. मी तरी शुद्ध टंग तेल घेईन, नाहीतर डॅनिश ऑइल, त्यात वार्निश असल्याने जरा टणक थर येतो.

पण आधी जुना चिकटा काढा. सगळे हॅच (डेकवरची झाकणं) उघडे ठेवून अ‍ॅसिटोनने पुसा, मग २२० नंबरचा पॉलिश पेपर, रेषांच्या दिशेनेच हां. तेलाचा हात पातळ द्यायचा आणि १५-२० मिनिटांनी उरलेलं सगळं पुसून टाकायचं, तुमचं बहुतेक इथेच चुकतंय, म्हणून चिकटपणा येतो. दुसरा हात पूर्ण वाळल्यावरच.

आणि तेलाची फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, ती आपोआप तापून पेटतात! पाण्यात भिजवा नाहीतर एकेक पसरून उघड्यावर वाळवा. पावसाळ्यात केबिनला थोडी हवा खेळती ठेवा, नाहीतर तेल कुठलंही लावा, बुरशी येणारच.