शिराळ्यात दोन एकर आहे, विहिरीवर डिझेल इंजिन. विजेच्या जोडणीची वाट बघू की सौरपंप घेऊ?

सौरपंपच घ्या. लाइट आली तरी कृषिपंपाची पाळी बऱ्याचदा रात्रीची असते. बॅटरी घेऊन उसात शिरायचं, अंधारात दारं मोडायची, म्हणजे पाणी एका सरीतून दुसरीत वळवायचं. सापावर पाय पडतो तो अशाच वेळी, आणि बिबट्याचं शिराळकरांना वेगळं काय सांगू? सौरपंपाने पाणी दिवसा मिळतं. डिझेलचा खर्च आणि छातीत जाणारा काळा धूर, दोन्ही थांबतात. आमच्या शिवारात हे रोज बघतोय. ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेत अडीच एकरापर्यंत ३ अश्वशक्तीचा पंप मिळतो. शेतकऱ्याचा हिस्सा किमतीच्या १० टक्के, अनुसूचित जाती-जमातींना ५. मात्र वारणा नदीवरून लांब पाइपलाइनने पाणी चढवायचं असेल तर एवढा पंप पुरणार नाही.