बोली तीनशे चाळीसची, पोस्टेज दोनशे सत्तरचं

प्रश्न : ताई नमस्कार, मी नाशिकचा, स्टँप जमवायचा जुना नाद आहे. आमचा व्हॉट्सअपवर ऑक्शन ग्रुप आहे, रात्री लॉटचे, म्हणजे लिलावाला काढलेल्या स्टँपच्या संचांचे, फोटो पडतात, साडेदहाला क्लोजिंग. परवा एकाच सेलरचे तीन लॉट मला लागले, सगळे मिळून ३४० रुपये. फोटोखाली फक्त ‘शिपिंग एक्स्ट्रा’ एवढंच होतं. नंतर मेसेज आला की दर लॉटला ९० प्रमाणे २७० पाठवा, मी मुकाट पाठवले, आणि आलं काय तर एकच पाकीट, तिन्ही लॉट त्यातच, वर लेबल स्पीड पोस्टचं ५५ रुपये आणि वर काही पैसे! हा माणूस पोस्टेजवरच धंदा करतोय का? बोललो तर ग्रुपमधून काढतील ही पण भीती आहे.

उत्तर : करतोय, त्यात गोलगोल बोलण्यासारखं काही नाही. पण ५५ आणि २७० मधला सगळा फरक त्याच्या खिशात गेला असं पण नाही बरं का, म्हणून आधी सरळ हिशोब मांडू. १ ऑक्टोबर २०२५ पासूनच्या नव्या दरांनी ५० ग्रॅमपर्यंतचं पाकीट गावाबाहेर कुठेही स्पीड पोस्टने पाठवायला ४७ रुपये पडतात, वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे तुमचे ते ५५ रुपये ४६ पैसे. गावातल्या गावात असेल तर १९ अधिक जीएसटी. रजिस्टर्ड पोस्ट आता वेगळं राहिलं नाही, सप्टेंबर २०२५ पासून ते स्पीड पोस्टातच गेलं, ज्याच्या नावाचं त्याच्याच हातात पडायला हवं असेल तर पाठवणाऱ्याने रजिस्ट्रेशनचे ५ रुपये आणि त्यावरचा जीएसटी वेगळा भरायचा, ओटीपी दाखवून डिलिव्हरी हवी असेल तर त्याचे पण तेवढेच.

आता पॅकिंग. स्टँप नीट पाठवायचे म्हणजे आधी पारदर्शक पाऊच, मग दोन्ही बाजूंनी पुठ्ठा, तो पण नुसता घालून उपयोग नाही, चारी कडांना हलकी टेप हवी नाहीतर सॉर्टिंगमध्ये पाऊच सरकतं आणि कोपरे दुमडतात, कडेचे दाते मोडलेल्या स्टँपला मग कोण विचारतं. पावसाळ्यात वर प्लास्टिक, आणि मग पाकीट. हे सगळं बाजारातून विकत आणलं तरी पंधरा रुपयांच्या वर जात नाही. पोस्टात जाणं-येणं, रांगेत उभं राहणं याचे पण पंधरा-वीस धरा, माणसाच्या वेळेला काही किंमत आहेच की. झाले ९०. म्हणजे पहिल्या लॉटचे ९० बरोबर आहेत, त्यावर मी तरी वाद घालणार नाही. घोळ पुढच्या दोन लॉटचा आहे. ते त्याच पाकिटात गेले, वजन वाढलं ते दोन-चार ग्रॅम, फार तर एकेक पाऊच जास्त लागलं, त्याचे दहा रुपये द्या. सगळे मिळून १०० झाले, उरलेले १७० त्याने घ्यायला नको होते.

ग्रुपवर सगळ्यांसमोर काढू नका, तिथे विषय निघाला की मुद्दा बाजूला राहतो आणि इज्जतीचा प्रश्न होतो. पर्सनलवर पाकिटाचा फोटो टाका आणि लिहा, ‘साहेब तिन्ही लॉट एकत्रच आलेत, जादाचे पुढच्या खरेदीत वळते करा’. परत द्या म्हटलं की माणूस आखडतो, वळते करा म्हटलं की बहुतेक वेळा हो म्हणतो. आणि यापुढे बोली लावायच्या आधी दोनच गोष्टी विचारायच्या, शिपिंग किती आणि दोन-तीन लॉट लागले तर एकत्र पाठवणार का. क्लोजिंगनंतर विचारलं तर तुमच्या हातात काही राहत नाही कारण माल तुमच्या नावावर पडलेला असतो.

कायद्याचं विचाराल तर २०२० च्या ई-कॉमर्स नियमांत विक्रेत्याने एकूण किंमत एका आकड्यात आणि तिची फोड, म्हणजे डिलिव्हरी, पोस्टेज, हँडलिंग सगळं धरून, दाखवायची असते. पण घरातल्या चार वस्तू विकणारा हौशी माणूस त्यात येत नाही, नियमितपणे धंदा म्हणून विकणारा येतो. तुमचा सेलर रोज रात्री लॉट टाकत असेल तर त्याने स्वतःला हौशी म्हणवून घेणं जरा अवघडच आहे. अगदीच हट्टाला पेटला तर ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे, पण १७० रुपयांसाठी तिथपर्यंत जायचं का ते तुमचं तुम्ही ठरवा.

प्रश्न : मी कोल्हापूरहून लिहितेय. जुन्या दिवाळी अंकांचा गठ्ठा लिलावात घेतला, सेलरने पोस्टेज १६० लावलं. मी म्हटलं ज्ञान पोस्टने पाठवा, वीस रुपयांपासून दर आहेत, तर म्हणतो चालत नाही. खोटं बोलतोय ना?

उत्तर : नाही हो, या वेळी तो खरं बोलतोय. ज्ञान पोस्ट १ मे २०२५ ला सुरू झालं, दर झकास आहेत, ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये आणि ५ किलोला १०० अधिक कर, ट्रॅकिंग पण आहे, पण ते पुस्तकांसाठी. नियतकालिकं आणि जाहिरातींचा मजकूर त्यात बसत नाही, आणि दिवाळी अंक कितीही जाडजूड असला तरी तो अंकच. त्यात जुने अंक म्हणजे नुसत्या जाहिराती, त्या काउंटरवर लपवणार कशा! आठ-दहा अंकांचं वजन आरामात दोन-तीन किलो भरतं, त्यामुळे १६० मला तरी जास्त वाटत नाहीत. हां, उद्या कादंबऱ्या घेतल्यात तर मात्र ज्ञान पोस्टचा आग्रह जरूर धरा, फक्त ते जमिनीवरून जातं, तेव्हा चार दिवस उशीर झाला म्हणून सेलरला फोनवर फोन करू नका.

प्रश्न : इथे सगळे घेणारेच लिहितात, मी विकणारा आहे, ठाण्यात घरून जुन्या एलपी रेकॉर्ड ऑनलाइन लिलावात विकतो. कुरियरवाला दीड-दोन किलोचे पैसे लावतो, घेणारा म्हणतो रेकॉर्ड पाव किलोची, तू लुटतोस. किती लावू?

उत्तर : तुमचं दुखणं खोक्यात आहे. कुरियरवाले नुसतं वजन बघत नाहीत, लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची सेंटीमीटरमध्ये काढून ५००० ने भागतात आणि जे जास्त येईल ते लावतात. तुम्ही ३५ बाय ३५ बाय ८ चं खोकं वापरत असाल तर ९८०० भागिले ५०००, म्हणजे जवळजवळ दोन किलो झालेच. तेच दोन कडक कोरुगेटेड शीटच्या मध्ये रेकॉर्ड घालून ३४ बाय ३४ बाय ३ मध्ये बसवलं तर पाऊण किलोच्या आत येतं. बबल रॅपचे वेढ्यावर वेढे दिले म्हणजे माल सेफ असं नसतं, एलपीला धोका वाकण्याचा, त्याला कडकपणा लागतो, मऊपणा नाही. आणि रेकॉर्ड कव्हरमधून काढून आतल्या स्लीव्हसकट कव्हरच्या मागे ठेवा, नाहीतर पार्सल आपटलं की रेकॉर्डची कड कव्हरची शिवण फाडते आणि मग घेणारा अर्धे पैसे परत मागतो.

लावायचं किती तर कुरियरची पावती, सामानाचा खर्च आणि वर वीस-पंचवीस रुपये, आणि हा आकडा लॉटच्या फोटोखालीच टाकायचा. मेहनतीचे जास्त हवे असतील तर बेस प्राइस वाढवा, तो तुमचा हक्क आहे. पोस्टेजमध्ये लपवलं की ते लेबलवर दिसतंच आणि तिथून पुढे तुमच्या चांगल्या मालावर पण कोणी विश्वास ठेवत नाही.

प्रश्न : ईबेवर परदेशातून जुनी फाउंटन पेनं घेतो. एक डॉलरचं पेन आणि शिपिंग पंचवीस डॉलर, हा काय प्रकार? – एक वाचक, पुणे

उत्तर : जुनी युक्ती आहे. पूर्वी ईबेचं कमिशन फक्त वस्तूच्या किमतीवर असायचं, म्हणून लोक किंमत नावाला ठेवायचे आणि सगळं पोस्टेजमध्ये घालायचे. २०११ पासून अमेरिकेतल्या साइटने पोस्टेजवरही कमिशन लावलं, तेव्हा तो फायदा संपला, पण स्वस्त दिसणाऱ्या आकड्याला गिऱ्हाईक भुलतं म्हणून खोड राहिली. परदेशातून खरंच महाग पडतं हेही आहेच, त्यामुळे प्रत्येक पंचवीस डॉलर म्हणजे लबाडी असं नाही. तुम्ही शोधताना ‘किंमत अधिक शिपिंग, कमी ते जास्त’ असं सॉर्ट लावा. आणि बोली उलटी मोजा, पेन तुमच्या लेखी चाळीस डॉलरचं असेल आणि शिपिंग पंचवीस, तर मॅक्सिमम बिड पंधराच टाकायची, ऐनवेळी सतरा-अठरा करायचा मोह आवरायचा. वर कस्टमची ड्युटी लागली तर ती पण वाहतूक खर्च धरून काढलेल्या किमतीवर बसते, म्हणजे फुगवलेल्या शिपिंगवर तुम्ही सरकारला पण पैसे भरता, तेही त्या चाळीसातूनच वजा करा. पेन वर्णनाप्रमाणे नसेल तर ईबेच्या मनी बॅक गॅरंटीत मूळ शिपिंगसकट पैसे परत मिळतात, त्यामुळे पार्सल उघडताना व्हिडिओ काढत जा आणि निब, क्लिप, टोपीवरची चीर त्यात स्पष्ट दिसू द्या.