पोपट एक की दोन?

प्रश्न : आमच्या गृहनिर्माण संस्थेच्या सभेत एका सभासदांनी ‘सचिवांचा जीव पार्किंगच्या पोपटात आहे’ असे म्हटले. लगेच दुसरे म्हणाले, ‘पोपट मेला आहे, हे कुणीतरी बोला की!’ हे दोन्ही पोपट एकाच गोष्टीतले आहेत का? – एक वाचक, सांगली

उत्तर : नाहीत. पिंजरे वेगळे आहेत आणि त्यांचे अर्थही वेगळे आहेत.

पहिला पोपट राक्षसाच्या गोष्टीतला आहे. राक्षस काही केल्या मरत नाही, कारण त्याचा जीव त्याच्या देहात नसून साता समुद्रांपलीकडे पिंजऱ्यातल्या पोपटात असतो. या कथेचे आपल्या मुलखातले एक जुने छापील रूप ‘ओल्ड डेक्कन डेज’ या 1868 साली लंडनला निघालेल्या इंग्रजी संग्रहात सापडते. मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रियर यांची कन्या मेरी हिने या कथा आपली आया अ‍ॅना लिबेराता डिसूझा हिच्या तोंडून 1865-66च्या हिवाळ्यात, वडिलांबरोबर दक्षिणेकडे दौऱ्यावर असताना ऐकल्या. अ‍ॅनाचे आजोबा गोव्याजवळ स्थायिक होऊन तेथे ख्रिस्ती झाले होते. तिच्या गोष्टीत राक्षसाच्या जागी पंचकिन नावाचा जादूगार आहे आणि त्याचा जीव रानात, एकावर एक ठेवलेल्या पाण्याच्या सहा घागरींखाली दडवलेल्या पिंजऱ्यातल्या हिरव्या पोपटात आहे. पोपट हाती येताच गोष्टीतला नायक मुलगा आधी जादूगाराकडून दगड झालेल्या आपल्या वडिलांना आणि काकांना जिवंत करून घेतो. मग पोपटाचा एकेक पंख उपटला जातो, तसतसा जादूगाराचा एकेक हात गळून पडतो आणि शेवटी पोपटाची मान मुरगळली जाते.

ही कल्पना केवळ आपली नव्हे. रशियन गोष्टीतल्या कोश्चेई नावाच्या दुष्टाचे मरण सुईत, सुई अंड्यात, अंडे बदकात आणि बदक सशात असते. सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीच्या एका इजिप्शियन कथेत तर नायक आपले काळीज झाडाच्या फुलावर ठेवून मोकळा होतो.

वापराबाबत मात्र थोडे सावध राहावे. ‘आजीचा जीव नातवात गुंतला आहे’ यात माया आहे, तेथे पोपट आणण्याचे कारण नाही. पोपट तेव्हाच आणावा, जेव्हा एखाद्याची सगळी ताकद एका आडबाजूच्या ठिकाणी दडलेली असते आणि ते ठिकाण हातचे गेले की तो कोसळणार असतो. राजकीय लेखांत ‘अमक्या पक्षाचा जीव महापालिकेत आहे’ असे लिहिले जाते, ते याच अर्थाने. त्यात मान मुरगळण्याची धमकी गृहीत असल्यामुळे आपल्या सचिवांना ते वाक्य झोंबले असेल, तर त्यांना दोष देता येणार नाही. ‘राजाचा जीव पोपटात’ असेही सर्रास म्हणतात, पण निदान या गोष्टीत तरी तो मान राजाचा नव्हे.

दुसरा पोपट अकबर-बिरबलाच्या गोष्टीतला आहे. बादशहाने लाडका पोपट सांभाळायला देऊन बजावले की, जो कोणी तो मेल्याची बातमी आणील त्याला सुळावर चढवीन. पोपट मेला तेव्हा बिरबल दरबारात म्हणाला, ‘खाविंद, पोपट डोळे मिटून, पाय वर करून पडला आहे, खात नाही, पीत नाही, हलत नाही.’ ‘मग मेला म्हण की!’ असे बादशहाच बोलून बसला. म्हणून सर्वांना ठाऊक असलेली, पण कोणीही तोंडावर सांगत नसलेली गोष्ट दाखवायची असेल तेव्हा हा पोपट वापरतात. पार्किंगचा प्रस्ताव केव्हाच बारगळला आहे, हे सभेत सगळ्यांना माहीत असेल, तर दुसऱ्या सभासदांचा पोपट अगदी जागेवर बसला, असे म्हणावे लागेल.