एमिली डिकिन्सनची खासगी पत्रं वाचावीत का? आणि सुरुवात कुठून करावी?

तुम्ही लिहिलंय की एकोणिसाव्या शतकातल्या या अमेरिकन कवयित्रीच्या, डिकिन्सनच्या, कविता फार आवडतात, आता तिची पत्रं वाचायची आहेत, पण गेलेल्या माणसाची पत्रं उघडायला मन धजत नाही. आणि वाचायचीच तर कुठल्या पत्रापासून?

जरूर वाचा. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, पहिल्याचं त्यातूनच निघेल.

१५ एप्रिल १८६२ चं पत्र आधी काढा. एमिली तेव्हा एकतीस वर्षांची, मॅसॅच्युसेट्समधल्या ॲमहर्स्ट या गावात वडिलांच्या घरी राहणारी. त्या महिन्याच्या ‘अटलांटिक मंथली’ या मासिकात थॉमस वेंटवर्थ हिगिन्सन या लेखकाने नव्याने लिहिणाऱ्यांसाठी एक लेख लिहिला होता. तो वाचून तिने या संपूर्ण अनोळखी माणसाला पत्र घातलं आणि सोबत चार कविता पाठवल्या. सुरुवातच अशी की माझी कविता जिवंत आहे का, एवढं सांगायला आपल्याला सवड आहे का? चांगली आहे का, छापण्याजोगी आहे का, हे ती विचारतच नाही. मग लिहिते की मन स्वतःच्या इतकं जवळ असतं की त्याला नीट दिसत नाही, आणि मला विचारायला कुणी नाही.

पत्राखाली सही नव्हती. मोठ्या पाकिटात एक छोटं पाकीट होतं, त्यात एक कार्ड आणि त्या कार्डावर तिचं नाव, तेही शाईने नव्हे, पेन्सिलीने. हिगिन्सन यांना हे तीस वर्षांनीही विसरता आलं नव्हतं. १८९१ मध्ये त्यांनी या पत्रांवर लेख लिहिला, त्यात तिच्या अक्षराचंही वर्णन आहे. त्या गावच्या कॉलेजच्या संग्रहालयात पक्ष्यांच्या पावलांचे ठसे असलेले जीवाश्म होते, ते बघून ही बाई अक्षर गिरवायला शिकली असावी, असं ते म्हणतात. मला हे वाक्य वाचल्यापासून तिची हस्तलिखितं बघताना पक्ष्यांची पावलंच दिसतात.

लगेच त्यापुढची दोन-तीन पत्रं वाचा. हिगिन्सन यांनी कवितांमध्ये काही दुरुस्त्या सुचवल्या होत्या. ती शस्त्रक्रियेबद्दल आभार मानते आणि पुढेही आपल्याच तऱ्हेने लिहीत राहते. सोबतीला कोण असतं, या प्रश्नावर तिचं उत्तर आहे, टेकड्या, मावळता सूर्य आणि माझ्याएवढाच मोठा कुत्रा. त्यांनी फोटो मागितला, तर म्हणाली, फोटो नाही, पण मी रेन या इवल्याशा पक्ष्यासारखी लहानखुरी आहे, आणि डोळे पाहुण्याने पेल्यात तळाशी ठेवलेल्या शेरीच्या रंगाचे. कुठल्या फोटोत एवढं आलं असतं?

आता याच पत्रांतली एक गोष्ट नीट बघा. त्याच एप्रिलमध्ये ती हिगिन्सन यांना कळवते की या हिवाळ्यापर्यंत मी एक-दोनच कविता केल्या होत्या. प्रत्यक्षात तिने शेकडो लिहिल्या होत्या, त्यातल्या कितीतरी सुवाच्य अक्षरात उतरवून, कागद दोऱ्याने शिवून, त्यांच्या लहान वह्याही करून ठेवल्या होत्या. म्हणून माझं कळकळीचं सांगणं आहे की पत्र खासगी म्हणजे त्यात सगळं खरंच लिहिलेलं असणार, ही समजूत बाजूला ठेवा. ती पत्रांचे कच्चे खर्डे करायची. पत्राच्या मध्येच गद्य लयीत शिरतं आणि एखादी ओळ कविता होऊन जाते. हयातीत तिच्या जेमतेम दहाएक कविता छापल्या गेल्या, पण पत्रांतून तिने शेकडो कविता माणसांपर्यंत पोचवल्या. तिचं प्रकाशन होतं ते टपालातूनच, वाचक तिने एकेक निवडून घेतलेला. त्यामुळे ही पत्रं वाचताना आपण चोरून काही ऐकतोय असं मला वाटत नाही. ती घडवून लिहिलेली आहेत आणि तितक्याच लक्षाने वाचायला हवीत.

कपाटात हात घालण्याची भावना मला वेगळ्या जागी येते, ती तिथे काय नाही हे बघताना. आमच्या आजीच्या पत्र्याच्या ट्रंकेत निळ्या आंतर्देशीय पत्रांचा गठ्ठा होता. चिकटवायच्या पट्टीवरसुद्धा आडवं लिहिलेलं, जागा वाया जायला नको म्हणून. सगळी तिच्या धाकट्या बहिणीची. त्यातल्या एकात मावशीआजी लिहिते, “तू म्हणतेस ते पटलं, पण यांना कसं सांगू?” आजी काय म्हणाली होती? ते पत्र तिकडे गेलं आणि तिकडेच संपलं. गठ्ठा मांडीवर घेऊन मी त्या एका वाक्यापाशी बराच वेळ बसले होते.

डिकिन्सनच्या बाबतीत नेमकं उलटं आहे. ती १५ मे १८८६ ला गेली. धाकटी बहीण लव्हिनिया हिने एमिलीला आलेली पत्रं जवळजवळ सगळी जाळून टाकली. तेव्हाची रीतच ती होती. मग कपाटातून कवितांचा साठा निघाला, आणि त्या मात्र छापायच्याच असा ध्यास तिने घेतला. म्हणजे एमिली काय म्हणाली ते आपल्याकडे आहे, कशाला उत्तर म्हणून म्हणाली ते बहुतेक ठिकाणी नाही. काही पत्रं तर हयात माणसांच्या हातून गेली. भाऊ ऑस्टिनला तरुणपणी लिहिलेल्या पत्रांत जिथे जिथे त्याची पुढे बायको झालेल्या सूझनचा उल्लेख होता, तिथे कुणीतरी मजकूर खरवडला, कापला. सूझन शेजारच्याच घरात राहायची आणि एमिलीने सर्वांत जास्त लिहिलं ते तिलाच. तरी १८९४ मध्ये मेबल लूमिस टॉड हिने पत्रांचे पहिले दोन खंड काढले, त्यात सूझनला लिहिलेली पत्रं नाहीत. मेबल ही ऑस्टिनची प्रेयसी होती, एवढं सांगितलं की कारण समजायला वेळ लागत नाही. खूप वर्षं वाचकांना एमिली भेटली ती या गाळणीतून.

तुमच्या संकोचाला खरा आधार हवा असेल तर तो विला कॅथर या कादंबरीकार बाईंकडे मिळेल. १९४७ मध्ये त्या गेल्या, आणि आपली पत्रं छापू नयेत, त्यातलं एक वाक्यही उद्धृत करू नये, असं मृत्युपत्रात लिहून गेल्या. तशी पत्रं ग्रंथालयांत होती, अभ्यासक जाऊन वाचत होते, पण लिहिताना कॅथरबाईंचं म्हणणं स्वतःच्या शब्दांत सांगावं लागे. २०१३ मध्ये निवडक पत्रांचं पुस्तक निघालं. मी त्यावर पुष्कळ विचार केला आहे. माझं मत असं झालं की सहासष्ट वर्षं दुसऱ्यांनी त्यांच्या तोंडी आपापले शब्द घातले, त्यापेक्षा त्यांचे स्वतःचे शब्द समोर आलेले बरे. तुमचं मत वेगळं होऊ शकतं, आणि तेही मला समजेल.

कॅथरशी जोडलेलं एक पत्र मात्र चुकवू नका. डिसेंबर १९०८, लिहिणारी सेरा ऑर्न ज्यूएट, वयाने आणि लेखनानेही ज्येष्ठ. कॅथर तेव्हा न्यूयॉर्कमध्ये मासिकाच्या संपादनात पिळून निघत होत्या. ज्यूएट त्यांना मायेने पण स्पष्ट बजावतात की या नोकरीत तुझी शक्ती संपतेय, स्वतःचं शांत ठिकाण शोध आणि तिथून लिही. पुढच्याच उन्हाळ्यात ज्यूएट वारल्या. काही वर्षांत कॅथरनी ती नोकरी सोडली आणि १९१३ ची ‘ओ पायोनिअर्स!’ ज्यूएटना अर्पण केली. एका पत्राने आयुष्याला वळण लागलेलं इतकं स्वच्छ दिसतं असं मी दुसरीकडे फारसं पाहिलं नाही.

पुस्तकांविषयी थोडं. डिकिन्सनच्या पत्रांची जुनी प्रमाण आवृत्ती १९५८ ची, तीन खंडांची. २०२४ मध्ये हार्वर्डकडून नवी आवृत्ती आली आहे, तिच्यात १३०४ पत्रं आहेत. जमलं तर नवीच घ्या. पहिल्या पानापासून क्रमाने वाचायला बसू नका, किशोरवयातली लांबलचक पत्रं वाचता वाचता कंटाळून सोडून द्याल. हिगिन्सन, मग सूझन, मग लुईस आणि फ्रान्सिस नॉर्क्रॉस या मावसबहिणी, या क्रमाने जा.

या बहिणींनी मेबलच्या हाती मूळ पत्रं दिलीच नाहीत. जे दाखवायचं तेवढं नकलून दिलं, उरलेलं स्वतःजवळ ठेवलं आणि मूळ कागद पुढे नष्ट झाले. मृत्यूच्या काही दिवस आधी एमिलीने लिहिलेलं पत्रही त्यांनाच होतं. “लहानग्या बहिणींनो, परत बोलावणं आलं. एमिली.” एवढंच. ते आज आपल्याला वाचता येतं, कारण त्या दोघींनी ते नकलेत घेतलं.