‘पुनर्व्याख्या’ की ‘नवी मांडणी’?

“क्रिम्सन जॅझ ट्रायोने किंग क्रिम्सनच्या प्रोग्रेसिव्ह रॉक गाण्यांची पुनर्व्याख्या केली” हे वाक्य मराठीत चालेल काय, आणि चालणार नसेल तर ‘रीइंटरप्रिटेशन’साठी कोणता शब्द घ्यावा, असा प्रश्न एका वाचकाने विचारला आहे. (किंग क्रिम्सन हा ब्रिटिश रॉक बँड, प्रोग्रेसिव्ह रॉक म्हणजे लांब, गुंतागुंतीच्या रचनांचा रॉक, आणि क्रिम्सन जॅझ ट्रायो ही त्या बँडची गाणी जॅझमध्ये वाजवणारी तीन वादकांची त्रयी.)

माझ्या मते हे वाक्य चालवू नये. हिंदीत ‘व्याख्या’ म्हणजे उलगडा, अर्थ लावणे. संस्कृतातही हाच अर्थ मुख्य आहे. मराठीत मात्र हा शब्द शाळेच्या वहीत जाऊन बसला. ‘वेगाची व्याख्या लिहा’ असे म्हटले की संज्ञेची हद्द काटेकोर शब्दांत आखायची, एवढाच बोध होतो. म्हणून ‘पुनर्व्याख्या’ वाचणाऱ्याला जुनी व्याख्या मोडीत काढून नवी केली असे वाटते. मीही एकदा एका मैफलीच्या परिचयपत्रकात हा शब्द लिहिला होता. तेव्हा भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या एका बाईंनी “या गाण्यांची आधीची व्याख्या काय होती हो?” असे विचारले, आणि मला उत्तर सुचले नाही.

शब्द ठरवण्याआधी या वादकांनी प्रत्यक्षात काय केले ते पाहावे. इयन वॉलेस हे १९७१-७२ मध्ये किंग क्रिम्सनचेच ड्रमर होते. पुढे पियानोवादक जोडी नार्डोन आणि बेसवादक टिम लँडर्स यांच्यासह त्यांनी ही त्रयी उभी केली आणि २००५ मध्ये तिचा पहिला अल्बम निघाला. त्यात घेतलेल्या ‘ट्वेंटी-फर्स्ट सेंच्युरी स्किझॉइड मॅन’च्या १९६९ च्या मूळ ध्वनिमुद्रणात इलेक्ट्रिक गिटार आहे, सॅक्सोफोन आहे आणि गायकाचा मुद्दाम खरखरीत केलेला आवाज आहे. त्रयीच्या या अल्बमात गाणाराही नाही आणि गिटारही नाही. शब्द गळाले, म्हणजे ज्याचा अर्थ लावायचा तेच गेले. उरली ती चाल, स्वरसंगती (एकत्र वाजणाऱ्या स्वरांची साखळी) आणि लय. जॅझचा रिवाज असा की आधी चाल वाजवावी, मग तिच्या स्वरसंगतीच्या चौकटीत आयत्या वेळी सुचेल तसा विस्तार करावा आणि शेवटी चालीवर परत यावे. ‘अर्थनिर्णयन’ हा शब्द इथे उपयोगी नाही, तो कायद्याच्या कलमांसाठी ठेवावा. ‘कव्हर’ सर्वांना कळतो, पण त्यात हुबेहूब नक्कलही येते.

खरे तर आपल्याकडे यासाठी घरचेच क्रियापद आहे: मांडणे. राग मांडतात, बंदिश मांडतात. एकच बंदिश दोन घराण्यांचे गवई वेगळ्या तऱ्हेने मांडतात, आणि तिला ‘पुनर्’ जोडण्याची गरज कोणाला भासत नाही. त्याच्याच जोडीला ‘अंग’ म्हणजे ढंग हा शब्द आहे, जसे ठुमरीचे अंग किंवा गायकी अंग. नामच हवे असेल तर ‘नवी मांडणी’ किंवा ‘नवा आविष्कार’ म्हणावे. हिंदीत ‘आविष्कार’ म्हणजे आपण ज्याला शोध म्हणतो तो, पण मराठीत तो कलेचे प्रकट रूप दाखवतो. ‘व्याख्या’ने जिथे अडवले तिथे हा शब्द आपल्या बाजूने उभा राहतो.

‘पुनर्रचना’ मी गाण्याचा ढाचाच उलगडून पुन्हा बांधला असेल तेव्हाच वापरीन. (निर् आणि रस यांचे ‘नीरस’ होते त्या नियमाने हा शब्द ‘पुनारचना’ व्हायला हवा होता; मराठीने तो नियम जुमानला नाही आणि त्याला आता कोणाची हरकत नसावी. ‘पुर्नरचना’ मात्र निखालस चूक आहे.)

राहिला ‘प्रोग्रेसिव्ह’. त्याचे ‘पुरोगामी’ केले तर वाचकाचे मन थेट फुले-आगरकरांकडे जाईल. तेव्हा ‘प्रोग्रेसिव्ह रॉक’ हे नाव जसेच्या तसे ठेवावे.

प्रश्नातले वाक्य मी असे लिहीन: “क्रिम्सन जॅझ ट्रायोने किंग क्रिम्सनची प्रोग्रेसिव्ह रॉक गाणी जॅझच्या अंगाने मांडली.”