पाठवले म्हणजे आले नव्हेत

प्रिय,

तुझं पत्र काल रात्री दोनदा वाचलं. तू लिलावात विकायला ठेवलेली वस्तू जिंकणारा परदेशातला आहे, पैसे वायर ट्रान्सफरने, म्हणजे त्याच्या बँकेतून थेट तुझ्या बँकेत, पाठवलेत म्हणतो, पाठवल्याची पावती त्याने मेलवर धाडली आहे आणि पार्सल कधी निघणार म्हणून तो रोज विचारतोय. पुढे तू लिहितेस, "काका, माणूस बोलायला चांगला आहे. शंका घेतली तर त्याला वाईट वाटेल." बाकीचं पत्र मी शांतपणे वाचलं, पण या वाक्याशी अडकलो. हेच वाक्य एकदा मीही मनाशी म्हणालो होतो आणि ते मला फार महागात पडलं.

पाठवले म्हणजे आले नव्हेत. हे एवढं डोक्यात पक्कं बसव, मग पुढचं वाच.

माझ्याकडे एक जुना पितळी सूक्ष्मदर्शक होता, लाकडी पेटीसकट. तीन भिंगं, तिन्ही शाबूत. बोली माझ्या अपेक्षेपेक्षा बरीच वर गेली. ज्याने घेतला त्याने दुसऱ्याच दिवशी बँकेच्या संदेशाची प्रत पाठवली. वर एमटी १०३ (ग्राहकाचे पैसे पाठवताना एक बँक दुसरीला धाडायची तो ठरावीक संदेश) असं शीर्षक, खाली माझं नाव, माझी बँक, रक्कम, तारीख, सगळं जागच्या जागी. मी प्रत्येक भिंग वेगळं गुंडाळलं, पेटी कापसात बसवली आणि संध्याकाळी कुरिअरकडे देऊन आलो. पैसे कधीच आले नाहीत.

दोन आठवड्यांनी बँकेतल्या बाईंनी त्या कागदावर एका जागी बोट ठेवलं. ३२ए नावाच्या रकान्यात तारीख, चलन आणि रक्कम सलग लिहिलेली असते आणि त्या संदेशात दशांशाच्या जागी टिंब नसतं, स्वल्पविराम असतो. माझ्या प्रतीत टिंब होतं. तेवढ्या एका टिंबाकडे मी किती वेळ बघत बसलो असेन! पण यावरून तू टिंबं तपासायला लागू नकोस. तो जुना साचा २०२५ च्या अखेरीस मागे पडला, बँका आता नव्या पद्धतीने संदेश पाठवतात. आणि बनवणाऱ्याने स्वल्पविराम बरोबर टाकला असता तरी माझ्या खात्यात काय पडणार होतं? कागद खरा की खोटा हा प्रश्नच तुझ्यासाठी गैरलागू आहे. पैसे तुझ्या खात्यात आहेत की नाहीत, एवढंच बघायचं.

अशा संदेशावर स्विफ्टचं नाव दिसलं की माणूस निर्धास्त होतो. १९७३ साली बेल्जियममध्ये उभी राहिलेली ही बँकांची सहकारी संस्था एका बँकेचा निरोप दुसरीला पोचवते. पैसे हलतात ते बँकांनी एकमेकींकडे ठेवलेल्या खात्यांतून, आणि वाटेत बऱ्याचदा एखादी मधली बँक असते, कधी दोन. कुठेही चौकशी निघाली, सुट्टी आली, नावाचं स्पेलिंग जुळलं नाही की रक्कम अडकते. म्हणजे पावती अगदी खरी असली तरी ती निरोप निघाल्याची पावती. पाठवले म्हणजे आले नव्हेत!

त्याने खरंच पाठवले असतील तर त्याच्याकडे यूईटीआर नावाचा, त्या एका व्यवहाराची ओळख असलेला ३६ अक्षरांचा क्रमांक मिळायला हवा. तो माग आणि तुझ्या बँकेत नेऊन दे. पैसे कुठे आहेत ते त्यावरून शोधता येतं. तो क्रमांक द्यायला खरा खरीदार कुरकुर करत नाही.

"ट्रॅकिंग नंबर दिल्यावर बँक पैसे मोकळे करणार आहे" असं जे तो म्हणतोय, ते वाचून मला राग आला, तुझ्यावर नाही, त्याच्यावर. साध्या वायर ट्रान्सफरला अशी अट नसते. कागदपत्रं बघून पैसे देण्याची सोय लेटर ऑफ क्रेडिटमध्ये असते. ते वेगळं प्रकरण आहे, त्यासाठी आधी बँकेत रीतसर कागद होतात. लिलावातल्या एका वस्तूसाठी कोणी ते करत नाही. असा मेल बँकेच्या नावाने आला असेल तर त्यातल्या नंबरवर फोन करू नकोस. आपल्या बँकेचा नंबर आपल्या पासबुकावर असतो.

खाते क्रमांक द्यावा का, हे तू तीनदा विचारलं आहेस. द्यावा लागतो, त्याशिवाय पैसे येणार कसे? खात्यावरचं तुझं नाव जसंच्या तसं, खाते क्रमांक किंवा आयबॅन (काही देशांत चालणारा आंतरराष्ट्रीय खाते क्रमांक), बँकेचं नाव-पत्ता आणि बँकेची ओळख सांगणारा ८ किंवा ११ अक्षरांचा स्विफ्ट कोड. यापलीकडे काही नाही. पासवर्ड, ओटीपी, कार्डाचा नंबर यातलं काही मागितलं की बोलणं तिथेच संपवायचं. काही देशांत नुसत्या खाते क्रमांकावरून रक्कम वळती करायचा प्रयत्न होऊ शकतो, म्हणून विक्रीसाठी वेगळं खातं ठेव आणि पैसे आले की ते तिथून हलव. मी हे फार उशिरा सुरू केलं.

बँकेच्या शुल्काचं काय ते लिलाव सुरू होण्याआधी वस्तूच्या वर्णनातच लिहायचं असतं. त्याला बँकांची ठरलेली अक्षरं आहेत: सगळं शुल्क पाठवणाऱ्याने भरायचं तर ओयूआर, दोघांनी वाटून घ्यायचं तर एसएचए, सगळं तुझ्यावर तर बीईएन. न ठरवता बसलं की हजाराचे नऊशे सत्तर येतात आणि तीसासाठी आठवडाभर मेलामेली चालते. ओयूआर सांगूनही कधी कधी मधली बँक कापून घेते. त्यावर माझा नियम आहे: पूर्ण रक्कम जमा होईपर्यंत वस्तू माझ्याकडे. काही लोकांना हा नियम कडक वाटतो. वाटू दे.

आता "आले" याचाही नीट अर्थ लाव. जास्तीचे आले आणि "चुकून गेले, वरचे माझ्या एजंटला पाठवून द्या" असा निरोप आला तर स्वतः एक पैसाही पाठवू नकोस. बँकेला सांग की आलेली रक्कम आली त्याच वाटेने परत करा. पाठवणाऱ्याचं नाव खरीदाराचं नसेल तरीही तेच. कुणाचं खातं फोडून पैसे आले असतील तर बँक तुझंच खातं गोठवू शकते. एरवी वायरचा मोठा गुण हाच की एकदा जमा झालेली रक्कम पाठवणाऱ्याला मनात आलं म्हणून परत खेचता येत नाही; कार्डावर भरलेले पैसे महिन्यांनी वादात निघतात, चेक जमा दिसूनही मागाहून परत येतो. म्हणून मी वायरच्या बाजूचा आहे, सूक्ष्मदर्शक गेल्यानंतरही. मात्र ज्या संकेतस्थळावर लिलाव झाला त्याचे नियम वायर चालवून घेत नसतील तर तिथेच थांब. त्यांच्या बाहेर जाऊन घेतलेल्या पैशांना त्यांचं संरक्षण नसतं.

एक गोष्ट मी कुणाला फारशी सांगत नाही. सूक्ष्मदर्शकानंतर काही वर्षांनी एकाने जुनं लेन्स घेतलं. गुरुवारी पैसे पाठवले, पुढे शनिवार-रविवार, मग त्यांच्याकडची सुट्टी, मग मधल्या बँकेची चौकशी. तो रोज लिहायचा. आधी विनंती, मग नाराजी, शेवटी संताप. मी रोज एकच उत्तर द्यायचो. आठव्या दिवशी पूर्ण रक्कम जमा झाली आणि त्याच दुपारी मी लेन्स पाठवलं. माणूस अगदी प्रामाणिक निघाला. त्याने माझ्याविषयी वाईट शेरा लिहिला आणि पुन्हा कधी माझ्याकडून काही घेतलं नाही. मला त्याचं वाईट वाटतं, आजही. पण मी चुकलो असं मला तेव्हा वाटलं नाही आणि आताही वाटत नाही. आठव्या दिवसापर्यंत तो आणि सूक्ष्मदर्शकवाला माझ्या खात्यात अगदी सारखेच दिसत होते. दोघांचीही रक्कम शून्य. त्याचा चांगुलपणा मला कुठल्या रकान्यात दिसणार होता? भीड ही भिकेची बहीण, हे आपण घोकतो आणि वेळ आली की नेमकं विसरतो. मी एकदा विसरलो. तू विसरू नयेस म्हणून इतकं लांबण लावलं.

सकाळी बँक उघडली की आधी स्टेटमेंट बघ. स्क्रीनवर "प्रक्रियेत" असं दिसत असेल तर ते जमा नव्हे. मग त्याला इतकंच लिही: "आपली रक्कम अजून माझ्या खात्यात जमा झालेली नाही. कृपया यूईटीआर क्रमांक कळवावा. पूर्ण रक्कम जमा झाल्यावर पुढच्या कामाच्या दिवशी पार्सल निघेल आणि ट्रॅकिंग नंबर कळवीन."

माफी मागू नकोस, त्यात दुसरं काही जोडू नकोस. आणि पेटी बांधून दाराशी ठेवली असशील तर उचलून आत ठेव.

तुझा,
काका